एचआरशी बोलताना हातात कागद हवा

कांदिवलीतल्या चारकोपच्या सेक्टर २ मध्ये, मार्केटपाशी, भविष्य निधी भवन, म्हणजे पीएफचे कार्यालय आहे. भाजी आणायला निघाले की माझी वाट त्याच्यावरूनच जाते. सकाळी दहाच्या सुमारास दारात माणसे उभी असतात. कुणाच्या हातात प्लॅस्टिकचा फोल्डर, कुणाच्या हातात नुसताच मोबाइल. थोडे बोलणे झाले की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : "एचआर उत्तरच देत नाही." नोकरी सोडून वर्ष झाले तरी कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नाही. पगारातून कापलेला पीएफ खात्यात दिसत नाही. आधारवरचे नाव एक आणि कंपनीने टाकलेले नाव दुसरेच. तक्रार पैशांची असते, पण आवाजात दुखावलेपण जास्त असते. "आठ वर्षे राबलो तिथे, साधा फोन उचलायला काय हरकत होती?"

हे दुखावलेपण मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. चोवीस वर्षे मी निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्मिक विभागात, म्हणजे आजच्या भाषेत एचआरमध्ये, काम केले. त्यातल्या एका कंपनीने माझ्या स्वतःच्या सोडल्याच्या तारखेची नोंद चौदा महिने केली नाही आणि त्यापायी माझा पीएफ अडकून राहिला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली. एचआरकडे येणाऱ्या माणसाची बाजू पुष्कळदा खरी असते, पण ती दाखवायला त्याच्या हातात काही नसते. तो तोंडी सांगतो, तोंडी आश्वासन घेऊन परत जातो, आणि तीन महिन्यांनी "असे काही ठरलेच नव्हते" हे ऐकतो. म्हणून या लेखात राग कसा आवरावा हे सांगत नाही. रास्त रागाला कागदाचा आधार कसा द्यावा, हे सांगते.

हे खाते नेमके कुणाचे?

एचआरवरचा अर्धा राग अपेक्षाभंगाचा असतो. नोकरीला लागताना हसतमुखाने स्वागत करणारी व्यक्ती अडचणीच्या वेळी परक्यासारखी का वागते, हे कळत नाही. त्याचे उत्तर या खात्याच्या जन्मात आहे, आणि तो जन्म मुंबईतल्या गिरण्यांशी जोडलेला आहे.

गिरणीत कामगार भरायचा जॉबर. कुणाला कामावर घ्यायचे, कुणाला बदली द्यायची, कुणाला घरी बसवायचे, हे त्याच्या हातात असे, आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय काम मिळत नसे. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने ही पद्धत मोडायला सांगितली आणि भरतीसाठी, तक्रारींसाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. या आयोगात आपले ना. म. जोशीही सदस्य होते. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. लेबर ऑफिसर, कल्याण अधिकारी, पर्सोनेल मॅनेजर अशी नावे बदलत हे खाते एचआर झाले.

नावे बदलली, पण पेच तोच राहिला. ऐकून घ्यायचे कामगाराचे आणि पगार घ्यायचा मालकाचा. एचआरमधली व्यक्ती चांगली असू शकते, मनापासून मदत करणारीही असते. पण तिची सही कंपनीच्या वतीने होते. ती तुमची वकील नाही आणि तुमची वैरीणही नाही. ती कंपनीची नोंदवही सांभाळते, आणि त्या नोंदवहीत तुमची बाजू आली पाहिजे, हे पाहणे तुमचे काम आहे. एवढे ध्यानात ठेवले तर मनस्तापही कमी होतो आणि पुढचे पाऊल नीट पडते.

तक्रार करण्याआधी घरातली फाइल

तक्रारीची तयारी नोकरीच्या पहिल्या दिवशी सुरू होते. घरात एक साधी फाइल ठेवा आणि तिच्यात पुढचे कागद जमवा.

नेमणूकपत्र आणि नोकरीच्या अटी. ऑफर लेटर वेगळे आणि नेमणूकपत्र वेगळे, दोन्ही हवीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. "आमच्याकडे देत नाहीत" असे उत्तर आले तर मेल करून मागा.

दर महिन्याची पगारपत्रके. महिन्याच्या महिन्याला डाउनलोड करून ठेवा, कारण कंपनीचे पोर्टल नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होते.

पगारवाढीची, बढतीची, बदलीची पत्रे आणि अप्रायझलचे निकाल. वरिष्ठांनी कामाचे कौतुक केलेला एखादा मेल असेल तर तोही. दोन वर्षांनी कुणी "तुमचे काम पहिल्यापासून असमाधानकारक होते" असे म्हणाले, तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

रजेच्या मंजुऱ्या आणि हजेरीच्या नोंदी. बिनपगारी रजेचे बहुतेक वाद इथेच सुटतात.

एक काळजी मात्र घ्या. स्वतःबद्दलचे कागद जपणे हा तुमचा हक्क आहे. पण ग्राहकांची माहिती, कंपनीचे हिशेब, सहकाऱ्यांचे तपशील स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. त्यातून तुमच्यावरच कारवाई ओढवते आणि मूळ तक्रार बाजूला राहते. तसेच मूळ गुणपत्रिका आणि पदवी कंपनीत जमा करू नका. त्या दाखवा, प्रती द्या आणि मूळ प्रती घरी आणा.

या फाइलबरोबर एक वही असू द्या. कोणत्या तारखेला, कुणाशी, काय बोलणे झाले, हे त्याच दिवशी दोन ओळींत लिहा. आठवण पुसट होते. त्याच दिवशी केलेली नोंद तशी होत नाही.

मेल कसा लिहावा

माझ्या टेबलावर येणारे तक्रारींचे मेल साधारण दोन प्रकारचे असत. पहिला प्रकार दोन पानी. त्यात तीन वर्षांचे सगळे साचलेले : अप्रायझल, कँटीनचे जेवण, बॉसचे बोलणे, अडकलेली कपात. दुसरा प्रकार सहा ओळींचा. त्यात एकच विषय, तारखा, आकडा आणि काय हवे ते. पहिल्या मेलला "आम्ही लक्ष घालतो" असे उत्तर देता येते. दुसऱ्याला तसे उत्तर देता येत नाही, कारण त्यात प्रश्न नेमका असतो. एक नमुना देते :

"विषय : जूनच्या पगारातील ४,२०० रुपयांची कपात. जूनच्या पगारपत्रकात ९ व १० जून या दोन दिवसांची बिनपगारी रजा दाखवून ४,२०० रुपये कापले आहेत. ही रजा मी २ जून रोजी पोर्टलवर मागितली होती आणि ३ जून रोजी ती मंजूर झाली. मंजुरीची प्रत सोबत जोडली आहे. कापलेली रक्कम जुलैच्या पगारात जमा करावी आणि तसे १२ जुलैपर्यंत कळवावे, ही विनंती."

यात आरोप नाही, टोमणा नाही आणि विनवणीही नाही. घटना, पुरावा, मागणी, मुदत या चार गोष्टी याच क्रमाने आल्या आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत तुम्ही सरळ लिहू शकता त्या भाषेत लिहा. एका मेलमध्ये एकच विषय ठेवा. मुदत उलटली तर त्याच मेलच्या खाली "याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही" असे लिहून पुन्हा पाठवा आणि आता वरच्या अधिकाऱ्यालाही प्रत जोडा. नवा मेल सुरू केलात तर मागचा धागा तुटतो.

एचआर बहुतेक वेळा फोन करते किंवा केबिनमध्ये बोलावते. जरूर जा, नीट बोला. मात्र बाहेर आल्यावर त्याच दिवशी चार ओळी पाठवा : "आज सकाळी ११ वाजता आपले बोलणे झाले. आपण असे सांगितले की माझा थकलेला इन्सेंटिव्ह पुढच्या महिन्याच्या पगारात येईल. माझ्या समजण्यात चूक असल्यास कळवावे." तोंडी शब्दाला तारीख लागते ती अशी. समोरच्याने उत्तर दिले नाही तरी तुमचा मेल नोंदीत राहतोच.

पगार लटकला तर

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि फॅक्टरी कमिशनला द्यायच्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी कामगाराला पगार अशा मागण्यांबरोबर त्यात एक मागणी अशी होती की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. तेव्हा ही साधी गोष्टही मागावी लागत होती.

आज ही मागणी कायद्यात आहे, आणि जास्त कडक रूपात आहे. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. राजीनामा, बडतर्फी किंवा नोकरकपात, कारण काहीही असो, नोकरी संपल्यावर राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होते" हे वाक्य वर्षानुवर्षे इतक्या वेळा सांगितले गेले की लोकांना तोच कायदा वाटू लागला. तो काही कंपन्यांचा रिवाज होता. आता तसे उत्तर आले तर वेतन संहितेच्या कलम १७ चा उल्लेख करून मेल करा.

आणखी दोन गोष्टी. पगारातून सगळ्या प्रकारच्या मिळून होणाऱ्या कपाती वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. ही संहिता व्यवस्थापकीय पदांवरच्यांनाही लागू आहे, म्हणून "तुम्ही मॅनेजर आहात, तुम्हाला हा कायदा नाही" असे ऐकून गप्प बसू नका.

ग्रॅच्युइटीसाठी नियमित कर्मचाऱ्याची पाच वर्षांची सलग सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही ती प्रमाणात मिळते. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. हिशेब सोपा आहे : शेवटचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. हा आकडा स्वतः काढा आणि मगच एचआरशी बोला.

२०२५ च्या जुलैअखेर पुण्यात टीसीएसच्या सह्याद्री पार्क कार्यालयाबाहेर एक कर्मचारी पदपथावर झोपला. शेजारी त्याने हाताने लिहिलेले पत्र ठेवले होते. आपण २९ जुलैला कामावर हजर झालो, प्रणालीत आपले ओळखपत्र सुरू नाही, पगार मिळालेला नाही आणि पैसे नसल्याने पदपथावर राहावे लागेल असे आपण एचआरला सांगितले होते, असे त्यात होते. कंपनीने नंतर सांगितले की त्या कर्मचाऱ्याची गैरहजेरी विनापरवानगी होती, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनुसार वेतन थांबवले होते आणि आता त्याला मदत केली जात आहे. कुणाचे किती बरोबर, याचा निवाडा इथे करत नाही. पण ते छायाचित्र पाहून माझ्या पोटात कालवले. दोन धडे त्यातून घेता येतात. लांबच्या रजेवर जाताना मंजुरी लेखी घ्या आणि परत येण्याची तारीख मेलने कळवा. आणि पगार थांबल्याच्या पहिल्याच महिन्यात लेखी विचारा. पदपथावर यायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

पीएफ : कंपनीच्या तोंडाकडे न पाहता

चारकोपच्या भविष्य निधी भवनात येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे काम घरबसल्या होण्याजोगे असते. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम तुमच्या पगारातून कापली जाते. तेवढीच कंपनी घालते. कंपनीच्या हिश्शातून वेतनाच्या ८.३३ टक्क्यांपर्यंतची रक्कम निवृत्तिवेतन योजनेत जाते आणि उरलेली पीएफमध्ये. ही रक्कम कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून दर महिन्याच्या २० तारखेनंतर उमंग अ‍ॅपवर किंवा पासबुक पोर्टलवर एकदा पाहा. पगारपत्रकात कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असे सलग दोन महिने दिसले तर लगेच लेखी विचारा. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा आहे. त्याला "अकाउंट्समध्ये उशीर झाला" एवढ्यावर सोडू नका.

नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या हप्त्याला दोन महिने झाल्यावर ती तुम्ही स्वतः भरू शकता. सदस्य पोर्टलवर 'मॅनेज' या भागात 'मार्क एक्झिट' हा पर्याय आहे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख मात्र नीट विचार करून टाका, एकदा भरली की ती बदलणे अवघड जाते. मी चौदा महिने अडकले तेव्हा ही सोय नव्हती. आज आहे, आणि तरीही लोक कंपनीच्या दारात खेटे घालतात, याचे वाईट वाटते.

नाव, जन्मतारीख, वडिलांचे किंवा जोडीदाराचे नाव यांतली चूकही हल्ली सोपी झाली आहे. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा सदस्य क्रमांक, १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारवरून पडताळलेला असेल, तर यातल्या बहुतेक दुरुस्त्या कंपनीच्या मंजुरीशिवाय स्वतः करता येतात. जानेवारी २०२५ पासून ही सवलत आहे. त्याआधीचा यूएएन असेल तर संयुक्त घोषणापत्र कंपनीमार्फत जाते. नोकरी सुरू असतानाच ते उरकून घ्या. सोडल्यानंतर तुमच्या कागदाला एचआरच्या टेबलावर सगळ्यात शेवटचा नंबर लागतो, हे मी पाहिले आहे.

याने काम झाले नाही तर ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निधी संघटनेच्या, तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक वहीत लिहा. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास 'निधी आपके निकट' हे शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरते, तिथे अधिकारी समोर बसतात. कार्यालयात जाल तेव्हा तक्रार क्रमांक, पासबुकाची प्रत, शेवटची तीन पगारपत्रके आणि कंपनीशी झालेल्या मेलच्या प्रती घेऊन जा. नुसता मोबाइल घेऊन गेलात तर दुसरी फेरी ठरलेलीच. एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा : नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून किंवा भांडण झाले म्हणून कंपनी तुमचा पीएफ रोखू शकत नाही.

"राजीनामा द्या" असे सांगितले तर

एखाद्या दुपारी केबिनमध्ये बोलावतात. समोर एचआर आणि तुमचे वरिष्ठ. "आजच राजीनामा दिलात तर चांगले लेटर देऊ, नाहीतर टर्मिनेट करावे लागेल." माणूस गोंधळतो, घराचा हप्ता आठवतो, आणि 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहून सही करतो. त्या दोन शब्दांनी त्याचा पुढचा दावा दुबळा होतो. कामावरून कमी केलेल्या कामगाराला एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळण्याची तरतूद आहे. स्वखुशीने राजीनामा देणाऱ्याला ती मिळत नाही.

म्हणून त्या खोलीत काहीही लिहू नका. "मला विचार करायला दोन दिवस हवेत, आपले म्हणणे मेलवर पाठवा," एवढेच शांतपणे म्हणा. बाहेर येऊन त्याच संध्याकाळी बैठकीचा गोषवारा मेलने पाठवा. दबावाखाली सही झालीच असेल, तर रात्र उलटण्याआधी तसे लिहून कळवा. उशीर जितका जास्त, तितके ते सिद्ध करणे कठीण.

कामगिरी सुधारण्यासाठीची योजना, जिला सगळे पीआयपी म्हणतात, ती हाती आली तर घाबरून जाऊ नका. उद्दिष्टे आकड्यांत मागा, दर आठवड्याच्या आढाव्याची नोंद मेलवर ठेवा, आणि जे साध्य केले ते पुराव्यासह कळवत राहा. 'अधिक पुढाकार घ्या' हे उद्दिष्ट मोजता येत नाही, हे नम्रपणे लिहून दाखवा.

लहान गाळा आणि कंत्राटी नोकरी

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान गाळ्यांमध्ये एचआर नावाचे खातेच नसते. हिशेब लिहिणारा किंवा शेठचा भाऊ हेच एचआर. इथे मेल चालत नसेल तर कागदावर लिहा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर 'मिळाले' असे लिहून तारीख व सही घ्या. सही देत नसतील तर पोस्टाने नोंदणी करून पाठवा आणि पावती फाइलला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही काही नसण्यापेक्षा बरा, पण तो पुसू नका आणि मोबाइल बदलताना जपून ठेवा. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतील तर विमा क्रमांक मागून घ्या. आजारपणात कांदिवली पूर्वेचे ईएसआय रुग्णालय त्याच क्रमांकावर उपयोगी पडते.

मालाडच्या किंवा अंधेरीच्या मोठ्या कार्यालयात एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. एजन्सी म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते तुम्ही आमच्या पेरोलवर नाही. कायदा इथे स्पष्ट आहे. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मुख्य मालकाने ते द्यायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे. म्हणून कंत्राटी कर्मचाऱ्याने पगाराची तक्रार दोघांनाही एकाच पत्राने, दोघांची नावे वर लिहून करावी. मग एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

छळाची तक्रार वेगळ्या दारात

लैंगिक छळाची तक्रार नेहमीच्या एचआर मेलवर टाकून थांबू नका. तिच्यासाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे. त्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. चौकशी सुरू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते.

दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या समितीची माहिती वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हे दार खुले आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. "आपसांत मिटवा, नाव खराब होईल," असे कुणी म्हणाले तर ते वाक्य, म्हणणाऱ्याचे नाव आणि तारीख वहीत लिहा.

कंपनीबाहेरची दारे

आतली दारे ठोठावून झाली, लेखी उत्तर आले नाही किंवा नकार आला, की बाहेर जाण्यात कमीपणा नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, एकूण दहापर्यंत. घटनेपासून वर्षभरात अर्ज करायचा आणि समितीने ३० दिवसांत काम पुरे करायचे. तुमच्या कंपनीत अशी समिती आहे का आणि सदस्य कोण, हे आजच विचारा. विचारण्यासाठी तक्रार असावी लागत नाही.

त्यानंतरचे दार म्हणजे कामगार आयुक्तांचे कार्यालय. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. पगार, बडतर्फी, नोटीस यांचे वाद तिथे जातात. बडतर्फीचा वाद दोन वर्षांच्या आत नेलेला बरा. तिथे 'तुम्ही कामगार आहात का' हा प्रश्न निघतो. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापले म्हणून कुणी व्यवस्थापक होत नाही. प्रत्यक्ष काम काय होते, हे पाहिले जाते. म्हणून रोजच्या कामाचे स्वरूप दाखवणारे मेलही फाइलमध्ये हवेत. रक्कम मोठी असेल किंवा बडतर्फी झाली असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाचा किंवा युनियनचा सल्ला सुरुवातीलाच घ्या, शेवटी नव्हे.

आणि शक्य असेल तिथे एकट्याने जाऊ नका. ओव्हरटाइम सगळ्यांचा थकला असेल तर पत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एकाला 'त्रास देणारा' ठरवता येते. चाळीस जणांना तसे ठरवता येत नाही.

रविवारचा अर्धा तास

एचआरमध्ये काम करणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. "नाही" हे उत्तरसुद्धा वेळेवर आणि लेखी द्या. नकार माणूस पचवतो. तो खचतो महिनोन्महिने चाललेल्या मौनाने. तुमच्या एका क्लिकसाठी कुणीतरी नालासोपाऱ्याहून अर्धा दिवस मोडून चारकोपला येते आणि रांगेत उभे राहते.

लोखंडे यांच्या १८८४ च्या निवेदनातली रविवारच्या सुट्टीची मागणी लगेच मान्य झाली नाही. सभा झाल्या, पुन्हा अर्ज झाले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपला रविवार सह्यांच्या त्या कागदातून आला आहे. त्यातला महिन्याकाठी अर्धा तास स्वतःच्या कागदांना द्या. पगारपत्रक उतरवून घ्या, पासबुक पाहा, रजेचा हिशेब जुळवा, वहीत दोन ओळी लिहा. घरात नुकतेच नोकरीला लागलेले मूल असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्याची फाइल त्याच्या हाताने सुरू करून द्या. त्याला पुढे कधी सेक्टर २ मधल्या रांगेत उभे राहावे लागले, तर खिडकीपाशी त्याने फाइल उघडावी आणि अधिकाऱ्याने मागायच्या आत पहिला कागद पुढे करावा.